बंबाला झोप लागते का?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. माझ्याकडे तर ते साठायला नकोच होते, कारण माझं काम होतं लोकांची दुःखं ऐकण्याचं! दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. शिरूर तालुक्यात, कारखान्यांच्या बाजूला, एक फायर स्टेशन होतं. नेमकं कुठलं ते विचारू नका. मंडळी अजून मला चहाला बोलावतात आणि तो चहा मला बंद करायचा नाही. आग, अपघात, विहिरीत पडलेली माणसं, हे सगळं बघून या लोकांच्या मनावर काय ओझं होतं ते कुणीतरी ऐकावं, असं वरच्या कुणाला तरी वाटलं. म्हणून दर गुरुवारी दौंडहून एसटीनं मी तिथं जायचे.

माझ्या हुद्द्याचं नाव होतं समुपदेशक. ते स्टेशनातल्या कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. ते मला म्हणायचे, "मनाच्या मॅडम".

बंद दाराआड जे बोललं जातं ते माझ्यापाशीच राहतं, राहणारच. पण ही मंडळी दाराआड फारच कमी बोलली हो! जे काही झालं ते अंगणात, सगळ्यांसमोर, आरडाओरडा करत झालं. तेवढंच सांगते, आणि तेही त्यांना विचारून.

*

पहिल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. माझी ओळख करून दिली ती अशी, "या मॅडम आल्यात. ज्याच्या डोक्यात काय असंल त्यानं एक पाऊल पुढं यावं!"

आता अशा वेळी कोण पुढं येणार? सगळे छाती काढून ताठ उभे. ओळीच्या टोकाला लीडिंग फायरमन पोपटराव होते, सगळ्यांचे आप्पा. मूळ पाबळचे, झुपकेदार मिशा, आवाज असा की सायरनची गरज पडू नये. ते खाडकन सलाम ठोकून म्हणाले, "सायब, आपल्या स्टेशनाची समदी डोकी ओके हायेत!"

मला खोली मिळाली ती होज ठेवायची. चारी बाजूंनी रबरी नळ्यांची वेटोळी आणि मधे मी. कित्येक गुरुवार मी तिथं नुसता चहा पीत बसले. कुणी फिरकेना. शेवटी एकदा एक जवान आला. आजूबाजूला बघितलं, दार लावून घेतलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली. त्याचा चेहरा इतका गंभीर होता की माझं काळीज हललं. म्हटलं, सुरुवात झाली!

तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं मिस्टर दौंडला रेल्वेत हायेत ना? आमच्या मेव्हण्याला कुठं चिकटवता आलं तर बगा की."

*

एकट्यानं येत नाहीत तर सगळ्यांना एकत्र घेऊ, असं ठरवलं. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, सगळ्यांना उताणं झोपवलं. "डोळे मिटा. श्वास सावकाश सोडा. आता पायाची बोटं सैल सोडा..."

मी घोट्यापर्यंत पोचायच्या आत निम्मे घोरायला लागले! यांना तसं शिकवावं लागत नाही. ड्यूटीवर मिळेल तिथं, मिळेल तेवढं झोपायचं, ही त्यांची जुनी सवय. आप्पांच्या घोरण्यानं खिडकीची काच थरथरत होती. पण मीही हट्टाला पेटले. आपण स्वतः शांत असल्याशिवाय दुसऱ्याला शांतता कशी देणार, असं आम्हाला शिकवलेलं, म्हणून मीही डोळे मिटून घेतले आणि मन लावून बोलत राहिले. खांदे, मान, कपाळ. आवाज इतका मऊ लागला होता म्हणून सांगू! मधे कुठंतरी फोन वाजल्यासारखा वाटला, तिकडं मी लक्ष दिलं नाही.

"आता अगदी हळूहळू डोळे उघडा," असं म्हणून मी माझे उघडले. हॉलमध्ये मी एकटी आणि रिकाम्या सतरंज्या.

वर्दी आली होती. वर्दी म्हणजे आगीचा निरोप. तो आला की ही माणसं गाढ झोपेतून उठून, बूट चढवून, बंबात बसून पसार होतात, आणि पावलांचा आवाज होऊ देत नाहीत. संध्याकाळी परत आल्यावर आप्पा म्हणाले, "तुमचं ध्यान लागलं व्हतं मॅडम. म्हनलं, कशाला मोडायचं?"

*

आता शौकतभाईंचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती आहे.

आमच्या शास्त्रात एक ठोकताळा आहे. माणूस येतो आणि म्हणतो, "माझ्या एका मित्राला त्रास आहे." तो मित्र बहुतेक वेळा तो स्वतःच असतो. तर एका गुरुवारी खरात नावाचे ड्रायव्हर आले आणि म्हणाले, "माज्या एका मित्राला झोप न्हाई."

मी मनात म्हटलं, सापडला! पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ते गेले, दुसरा आला. "माजा एक दोस्त हाय, त्याचं हात कापत्यात." तिसरा आला. "आमच्यातला एक जन हाय, जेवनावरची वासनाच गेलीय त्याची." आप्पासुद्धा आले! मी हादरून गेले. अख्खं स्टेशन आजारी आणि साहेब म्हणतात सगळं ओके!

खरात पुन्हा आले तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत बघून, शक्य तितक्या मायेनं विचारलं, "खरात, हा मित्र म्हणजे तुम्हीच ना?"

खरात खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "मी कशाला आसंल? त्यो काय, बंब पुसतोय!"

बाहेर अंगणात एक उंच, सडपातळ माणूस फडकं घेऊन बंबाची काच पुसत होता. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होता. शौकतभाई. शिरूरचे, बापजाद्यांपासून तिथलेच. तालुक्यातला प्रत्येक रस्ता त्यांना पाठ, आणि बंब चालवावा तर त्यांनीच, असं सगळे म्हणायचे.

काही महिन्यांपूर्वी हायवेला एक टेम्पो पेटला. उसाच्या ट्रॉल्यांत बंब अडकला, मागं घेता येईना की पुढं काढता येईना. पोचले तोवर टेम्पोतला माणूस गेला होता. दुसऱ्या कुणीही चालवला असता तरी बंब तितकाच अडकला असता, हे स्टेशनातले सगळे सांगत होते. शौकतभाई कुणाशी वाद घालत नव्हते. त्यांनी बंबाची किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि त्या दिवसापासून स्टेअरिंगला हात लावला नाही. पुसायचे मात्र रोज.

साहेबांनी सांगून टाकलं होतं, दोन महिन्यांत गाडीवर बसले नाहीत तर बदली. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यात, फोनवर. घर शिरूरला, म्हातारी आई शिरूरला, आणि हा माणूस परक्या गावात फोन उचलत बसणार. आप्पा मला म्हणाले, "मॅडम, आमचं काय बी करू नगा. आमी हाय तसं बरं हाय. ह्येवढा येक गडी गाडीवर बसवा."

*

शौकतभाई माझ्यासमोर बसायचे ते मांडीवर फडकं ठेवून. "कसं वाटतंय?" "बरं हाय." "झोप?" "बरी हाय." "मनात काही येतं?" "न्हाई, बरं हाय." असे दोन गुरुवार गेले. माझा चहा आणि माझी विद्या दोन्ही संपत आली.

तिसऱ्या वेळी ते आपणहून बोलले, पण बंबाबद्दल. "गाडी बरी न्हाई मॅडम. पैल्यासारकी न्हाई ऱ्हायली. चढाला दम लागतोय तिला."

मला कसं सुचलं देव जाणे. मी विचारलं, "बंबाला झोप लागते का हो, शौकतभाई?"

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, मान खाली घालून. मग म्हणाले, "लागती. पन मदीच दचकून उठती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, "आणि मग? दचकून उठल्यावर?"

शौकतभाई तोंड उघडणार तेवढ्यात खिडकीखालून आप्पांचा आवाज आला, "मॅडम, कालच तिचं ऑइल बदललंय! झोपंना का म्हनं?"

मी बाहेर जाऊन आप्पांना काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण परत आत आले तर शौकतभाई फडक्यात तोंड घालून हसत होते. कितीतरी महिन्यांनी हसले असं खरात म्हणाले. खरातांना कसं कळलं? तेही खिडकीखालीच होते!

*

मधे साहेबांचा एक किस्सा सांगायलाच हवा. या समुपदेशनाचा काही उपयोग होतो का ते तपासायला ते स्वतः आले. दारातच उभे राहिले, हात मागं बांधून. "मला काय बसायचं नाही. दोनच मिनिटं. मी आपला निरीक्षणाला आलोय."

मग उभ्याउभ्याच त्यांच्या सासूबाईंचा विषय निघाला. मग ते बसले. मग मोठ्या भावाचा निघाला. मी मान हलवत होते. माझी दौंडची एसटी गेली. त्यानंतरचीही गेली.

पुढच्या गुरुवारी मी पोचायच्या आधी शिपाई दारात हजर. "साहेबांनी विचारलंय, आज निरीक्षणाला कितीला येऊ?"

*

एकदा घरच्या बायकांना बोलावलं. चहा, चिवडा आणि गप्पा. मी विचारलं, या नोकरीमुळं घरात काय फरक पडतो? आप्पांच्या मंडळी सगळ्यांत पुढं. त्या म्हणाल्या, "फरक म्हंजी, ह्यांची सवय घरी बी जात न्हाई. मी नुस्ती हाक मारली की येका मिनटात चपला घालून तयार! पन त्ये घराबाहेर पळायला!"

हसून हसून चिवडा सांडला. शौकतभाईंच्या बायको रेहानाभाभी कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्यात तर येगळंच हाय. ह्यांनी आता स्कूटर बी सोडली. बाजारला, आईच्या घरी, समदीकडं चालतच जायाचं. आधी मागं बसवून भुर्रकन न्यायचे, एक शब्द बोलायचे न्हाईत. आता वाटंनं चालताना बोलत्यात. लहानपणीचं सांगत्यात. परवा तर थांबून मला गजरा घेतला."

भाभींचा नवरा आजारी होता, त्यांच्या मनात बदलीची धास्ती होती, आणि सांगता सांगता त्या लाजल्या होत्या.

तेवढ्यात आप्पांच्या मंडळी म्हणाल्या, "मॅडम, आमची मान्सं बी थोडी बिघडवून द्या की!"

*

शेवटचा किस्सा सांगून थांबते.

मी शौकतभाईंना हळूहळू गाडीवर आणायचं ठरवलं. आधी नुसतं सीटवर बसायचं. ते जमलं की इंजिन चालू करायचं. मग अंगणात एक चक्कर. घाई करायची नाही. ते बिचारे तयार झाले.

पहिल्या दिवशी मी आले तर बंबाला झेंडूचा हार! आप्पा नारळ घेऊन उभे, बाकीचे खुर्च्या मांडून समोर बसलेले. शौकतभाईंनी पायरीवर पाय ठेवला तशा टाळ्या वाजल्या. त्यांनी पाय काढून घेतला आणि मुकाट्यानं फडकं शोधायला लागले. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. "हा काय सत्कार समारंभ आहे? त्यांच्याकडं कुणी बघायचं नाही!"

नाही म्हणजे नाही, हुकूम पाळावा तर यांनीच. पुढच्या गुरुवारी सगळे अंगणाच्या पार टोकाला, लिंबाखाली, भिंतीकडं तोंड करून ओळीनं बसले. बूट काढून, मांडी घालून. भिंतीवर काय बघत होते कुणास ठाऊक! पण युक्ती लागू पडली. शौकतभाई सीटवर बसले. नंतरच्या वेळी इंजिन चालू केलं. हात कापायचे, ते दिसू नयेत म्हणून स्टेअरिंग घट्ट धरायचे. चक्कर मात्र होत नव्हती, आणि साहेबांची मुदत संपत आली होती.

त्या शेवटच्या गुरुवारी दुपारी इंजिन चालू होतं आणि मी शेजारच्या सीटवर चढत होते. तेवढ्यात आप्पा फोनच्या खोलीतून ओरडत बाहेर आले, "वर्दी! निमोण्याच्या अलीकडं कडब्याची गंजी पेटलीय, खेटून गोठा हाय!" आणि बूट घालायला आत पळाले. लिंबाखालची मंडळी अनवाणी धावत सुटली. मी घाबरून दार ओढलं. ते दार एकदा आपटून लागायचं नाही, म्हणून दुसऱ्यांदा आपटलं.

आता या लोकांची रीत अशी की शेवटचा माणूस मागं चढला की बंबाच्या पत्र्यावर दोनदा थाप मारतो. दोन थापा म्हणजे चला. ड्रायव्हर मागं वळून बघत नाही, त्यात वेळ जातो.

माझं दार दोनदा आपटलं आणि बंब सुटला!

गेटमधून बाहेर पडताना मला आरशात आप्पा दिसले. एका पायात बूट, दुसरा हातात, मागं खरात, मागं सगळे. मी तोंड उघडलं आणि शौकतभाईंकडं बघितलं. ते समोर बघत होते. स्टेअरिंग घट्ट धरलेलं होतं आणि पाय दाबलेला होता. आता सांगितलं तर हे थांबतील. आणि थांबले तर पुन्हा निघतील का? मी तोंड मिटून घेतलं.

वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागल्या. तशाच, एकामागं एक. शौकतभाईंनी घंटा वाजवली, हॉर्नवर हात ठेवला तो उचलला नाही, आणि पुटपुटत बंब सरळ कडेच्या मातीत उतरवला. आम्ही इतके कलंडलो की मी त्यांच्या खांद्यावर जाऊन आदळले. "धरून बसा की मॅडम!" ते माझ्यावर ओरडले. इतक्या गुरुवारांत पहिल्यांदाच त्यांचा चढलेला आवाज ऐकला, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पोचलो. गंजी धडाडून पेटलेली, गोठ्याच्या छपराला आच लागत होती, आत म्हशी हंबरत होत्या. शौकतभाईंनी उडी मारली, पंप चालू केला आणि मागं बघितलं.

"मॅडम, मान्सं?"

"राहिली."

"कुठं?"

"स्टेशनात."

त्यांनी एकदा आभाळाकडं बघितलं. "या अल्ला!" मग जमलेल्या गावकऱ्यांकडं वळून असे कडाडले की आप्पांचीच आठवण व्हावी, "ए मामा, म्हशी सोडा आदी! तुमी तिघं, नळी धरा, म्होरं उबं ऱ्हाऊ नगा! मॅडम, बगता काय? पदर खोचा!"

मी पदर खोचला. पाण्याचा जोर काय असतो ते मला तोवर माहीत नव्हतं. पहिलं पाणी आम्ही गंजीवर नाही, गंजीच्या मालकावर मारलं. तो बिचारा तरीही हात जोडत होता. मग शौकतभाईंनी मागून येऊन नळीचं तोंड स्वतःच्या हातात घेतलं. म्हशी सुटल्या, छप्पर वाचलं, निम्मी गंजीसुद्धा वाचली.

तिकडं स्टेशनातली मंडळी रस्त्यावर आली होती. खरातांनी आडवं होऊन एका कंपनीची बस थांबवली, सेकंड शिफ्टची. हेल्मेटवाली, अनवाणी माणसं आत घुसली तेव्हा एका परप्रांतीय कामगारानं घाबरून विचारलं, "भैया, कंपनी में आग लगी क्या?"

खरात म्हणाले, "न्हाई रं बाबा, बंब पळाला!"

ती बस धूळ उडवत शेताच्या बांधाला येऊन थांबली तेव्हा शौकतभाई नळी गुंडाळत होते. अंगातून पाणी निथळत होतं, तोंड काजळीनं काळं झालं होतं. आधी आप्पा उतरले, दुसरा बूट अजून हातातच. मागून सगळे, त्यांच्यामागून अख्खी शिफ्ट. सगळे एकदा विझलेल्या गंजीकडं बघत होते आणि एकदा त्यांच्याकडं.

शौकतभाईंनी नळी खाली ठेवली, कमरेवर हात घेतले.

"काय आप्पा! लई उशीर केला राव!"

आप्पांच्या मिशा थरथरल्या. हातातला बूट खाली पडला. त्यांनी पुढं येऊन शौकतभाईंच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "व्हय रं बाबा, झाला उशीर. हुतो कवाकवा."